किंमत पाहावी की मुदत?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत खजिनदारबाईंनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी खजिनदाराने उभे राहावयाचे ते जमाखर्च वाचून दाखविण्यासाठी, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तो जमाखर्च आपणांस छापून मिळालाच आहे. त्यात एक ओळ अशी आहे : ‘मंडळासाठी मोबाईल फोन, रुपये १९,०००.’ ही ओळ वाचून कित्येकींच्या भुवया उंचावल्या असतील. ‘एवढा महाग फोन कशाला?’ असे दोघीतिघींनी मला जिन्यात गाठून विचारलेही. म्हणून चिटणीसबाईंना मी म्हटले की, मला त्या एका ओळीवरच चार शब्द बोलू द्या. त्या ओळीमागे एक भांडण आहे, माझी स्वतःची एक चूक आहे, आणि प्रत्येक घरी उपयोगी पडेल असा एक हिशेबही आहे.

प्रथम भांडण सांगते. २०२४ च्या दिवाळीत आपण फराळाच्या मागण्या घेतल्या. चकली, अनारसे, चिवडा यांचे पैसे पुष्कळ गिऱ्हाइकांनी फोनवरूनच पाठविले. आणि मंडळाचा फोन नसल्यामुळे ते माझ्या स्वतःच्या खात्यात आले. दुधाचे पैसे, भाचीने पाठविलेली ओवाळणी आणि अनारशांचे पैसे, सगळे एकाच खात्यात! तो हिशेब निस्तरता निस्तरता माझे तुळशीचे लग्नही घाईतच उरकले. तेव्हा कार्यकारिणीत ठरले की, मंडळाच्या बँकखात्याला जोडलेला, मंडळाच्याच मालकीचा एक फोन असावा. तो कपाटात कुलपात राहील आणि खजिनदार बदलली तरी फोन बदलणार नाही.

इथपर्यंत एकमत होते. मतभेद झाला तो दुकानात गेल्यावर. आम्ही तिघी गेलो होतो. दुकानदाराने काचेवर दोन फोन ठेवले. एक होता सॅमसंगचा गॅलेक्सी ए-१५, ५-जी. हा आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये आलेला, म्हणजे गेल्या सालचा. दुसरा त्याचाच धाकटा भाऊ, गॅलेक्सी ए-१६, ५-जी. हा ऑक्टोबर २०२४ मध्ये नुकताच आलेला. जुना त्या दुकानात सोळा हजारांना मिळत होता, नवा एकोणीस हजारांना. फरक तीन हजारांचा.

दोन्ही हातांत घेऊन पाहिले. मुख्य कॅमेरा दोन्हींना ५० मेगापिक्सेलचा. बॅटरी दोन्हींची ५,००० एमएएचची. साठवण दोन्हींत १२८ जीबीची. नव्याचा पडदा किंचित मोठा, साडेसहा इंचांच्या जागी सहा पूर्णांक सात. आणि धूळ व पाण्याचे शिंतोडे यांपासून थोडे संरक्षण नव्याला अधिक. एवढ्यासाठी तीन हजार का मोजावे? मी तिथल्या तिथे सांगून टाकले, ‘गेल्या सालचाच घ्या. आपल्याला काय सिनेमा काढावयाचा आहे?’

भगिनींनो, माझे म्हणणे अगदीच गैर होते असे नाही. आपल्या मंडळाची वार्षिक वर्गणी दोनशे रुपये. तीन हजार म्हणजे पंधरा जणींची वर्षाची वर्गणी! त्या पंधरा जणींत काही अशाही आहेत की, ज्या ती वर्गणी दोन हप्त्यांत भरतात. दुसऱ्याचा पैसा हाताळणाऱ्या बाईने आपल्या पैशापेक्षा तो अधिक जपून खर्च करावा, हे मला माझ्या आईने शिकविले. शिवाय गेल्या सालची वस्तू स्वस्त घेण्यात आपण गृहिणी कधी कमीपणा मानीत नाही. सेलमधली गेल्या वर्षीची साडी नेसायला तितकीच चांगली. तांदूळ तर जुनाच बरा. माझ्याकडचे पायाचे शिवणयंत्र चाळीस वर्षांचे आहे आणि अजून तेल घातले की सुरळीत चालते. मग फोननेच काय घोडे मारले आहे?

यावर आमच्याबरोबर आलेल्या तरुण सभासद भगिनीने, जी एरवी सभेत फारशी बोलत नाही, मला एक साधा प्रश्न विचारला. ती म्हणाली, ‘काकू, तुम्ही औषधाची पट्टी घेताना आधी काय बघता?’ मी म्हटले, ‘मुदत बघते.’ ती म्हणाली, ‘मग फोनची मुदत बघितलीत का?’

मला वाटले, ही थट्टा करते आहे. फोनला कसली मुदत? पण तिने जे समजावून सांगितले ते मी आता माझ्या शब्दांत आपणांस सांगते.

फोन म्हणजे नुसते काच आणि धातू नव्हे. त्याच्या आत जी प्रणाली चालते, आपल्यापैकी बहुतेकींच्या फोनांत ती अँड्रॉइड नावाची आहे, ती माणसांनी लिहिलेली असते आणि माणसाच्या कामात चुका राहतातच. या चुका म्हणजे भिंतीतली भोके समजा. कोणते भोक कोठे आहे याचा शोध चोरही घेत असतात आणि घर बांधणारेही घेत असतात. भोक सापडले की बांधणारा ते बुजविण्याचा मसाला पाठवितो. त्यालाच आपण ‘सुरक्षा अपडेट’ म्हणतो. अँड्रॉइड तयार करणारी गूगल कंपनी २०१५ पासून दर महिन्याला अशा सापडलेल्या भोकांची यादी आणि त्यांवरची दुरुस्ती जाहीर करीत आली आहे. मग प्रत्येक फोन-कंपनी ती आपल्या फोनांपर्यंत पोहोचविते, कोणी दरमहा, कोणी काही महिन्यांनी.

परंतु ही डागडुजी जन्मभर कोणी करीत नाही. कंपनी आधीच सांगून मोकळी होते की, अमुक मॉडेलला इतकी वर्षे. त्यानंतर फोन चालू राहतो, घंटी वाजते, फोटो निघतो. पण नवे भोक पडले तर बुजवावयास कोणी येत नाही. शिवाय बँकांची आणि इतरांची ॲपे दरवर्षी नवी होत जातात आणि फार जुन्या प्रणालीला सोबत घेऊन चालणे बंद करतात. व्हॉट्सॲपचेच पाहा ना, अँड्रॉइड ५ च्या आधीच्या प्रणालीवर ते आता चालतच नाही. म्हणजे वचने दोन असतात : एक, नवी प्रणाली किती वेळा मिळेल, आणि दुसरे, सुरक्षेची डागडुजी किती वर्षे होईल. दोन्ही विचारावीत.

आणि यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ही वर्षे आपण फोन विकत घेतो त्या दिवसापासून सहसा मोजत नाहीत. ते मॉडेल प्रथम बाजारात आले तेव्हापासून मोजतात. दुकानात पडून राहिलेल्या फोनचेही वय वाढतच असते. डबा बंद, वर प्लॅस्टिक जसेच्या तसे, आणि आत आयुष्य चाललेले!

हे ऐकले आणि मैत्रिणींनो, त्या दुकानातल्या थंडगार हवेत माझ्या अंगाला घाम आला. कारण मला २०२२ सालची एक रात्र आठवली.

आमच्या घरी ह्यांच्या छातीत रात्री अकराच्या सुमारास दुखू लागले. चिरंजीव परगावी. शेजाऱ्यांच्या गाडीने रुग्णालयात नेले. तिथे खिडकीवर दहा हजार रुपये अनामत भरावयास सांगितले. खात्यात पैसे होते. फोन हातात होता. बँकेचे ॲप उघडले, तो पडद्यावर पाटी आली की, ‘नवीन आवृत्ती घ्या.’ घ्यावयास गेले, तर दुसरी पाटी : ‘आपल्या फोनवर ही आवृत्ती चालणार नाही.’ पुन्हा पहिली पाटी, पुन्हा दुसरी. एटीएमचे कार्ड घरी, कपाटात. हात कापत होते. शेवटी ज्यांच्या गाडीतून आम्ही गेलो होतो त्या बाईंनी आपल्या फोनवरून पैसे भरले. त्या बाई आज समोर बसल्या आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. ह्यांना देवाच्या कृपेने आराम पडला. पण पैसा असून हात रिकामे असणे म्हणजे काय, ते मी त्या रात्री अनुभवले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगत सुटले की, फोन बिघडला. भगिनींनो, फोन बिघडला नव्हता. तो फोन मी २०१८ साली मोठ्या हौसेने घेतला होता. बारा हजारांचा फोन सात हजारांत मिळाला म्हणून घरात मिरविलाही होता. पण ते मॉडेल २०१६ सालचे होते. माझ्या हातात आला तेव्हाच त्याच्या वचनाची वर्षे जवळजवळ सरली होती. मी सात हजारांत नवा फोन घेतला नव्हता. मुदत संपत आलेली औषधाची पट्टी घेतली होती. आणि सहा वर्षांनी, मंडळाच्या पैशांनी, मी तीच चूक पुन्हा करावयास निघाले होते, तीही काटकसरीच्या नावाखाली!

मग आम्ही तिघींनी दुकानदाराकडून कागद मागून घेतला आणि गणित मांडले. आपणही मनातल्या मनात मांडा.

गेल्या सालच्या ए-१५ ला कंपनीने चार वेळा नवी प्रणाली व पाच वर्षे सुरक्षेची डागडुजी देण्याचे जाहीर केले होते. तो डिसेंबर २०२३ चा. म्हणजे पाच वर्षे संपणार डिसेंबर २०२८ च्या सुमारास. आम्ही दुकानात उभ्या होतो नोव्हेंबर २०२४ मध्ये. हातात उरली चार वर्षे. सोळा हजारांना चार वर्षे, म्हणजे वर्षाला चार हजार रुपये.

नव्या ए-१६ ला सहा वेळा नवी प्रणाली व सहा वर्षे सुरक्षा, असे जाहीर झाले होते. ऑक्टोबर २०२४ पासून सहा वर्षे म्हणजे ऑक्टोबर २०३०. हातात जवळजवळ पुरी सहा वर्षे. एकोणीस हजार भागिले सहा, वर्षाला सुमारे ३,१७० रुपये.

म्हणजे जो फोन तीन हजारांनी महाग दिसत होता, तो वर्षाच्या हिशेबाने आठशे रुपयांहून अधिक स्वस्त निघाला! आणि जो स्वस्त म्हणून मी हातात घट्ट धरून बसले होते, तो महाग. हाच हिशेब उलटाही करता येतो. ३,१७० ला चाराने गुणा. साडेबारा हजारांच्या वर थोडे येतात. म्हणजे गेल्या सालचा तो फोन साडेबारा हजारांना मिळत असता, तर तोही तेवढाच परवडला असता; आणि त्याहून कमीत मिळाला असता, तर मी आनंदाने तोच घेऊन आले असते. दुकानदाराला मी तसे विचारलेही. तो हसला आणि म्हणाला, ‘बाई, मग मला दुकान बंद करावे लागेल.’ आम्ही नवा घेतला. तीच ती जमाखर्चातली ओळ.

कोणी म्हणेल, सहा वर्षे फोन टिकतो कोठे? तीन वर्षांत बॅटरी मान टाकते. खरे आहे. परंतु बॅटरी बदलून मिळते, फुटलेली काच बदलून मिळते. संपलेली मुदत मात्र कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे वाढवून मिळत नाही. जे बदलता येते त्यासाठी अडू नये. जे बदलता येत नाही ते आधी पाहावे.

आता याचा अर्थ ‘नेहमी नवाच घ्या’ असा कोणी करून घेऊ नये. नाहीतर फोनवाल्यांनी मला वकीलपत्र दिले आहे, असे आपणांस वाटावयाचे! मी मोजावयास सांगते आहे, नव्याला भुलावयास नव्हे. कित्येकदा हाच हिशेब जुन्याच्या बाजूने लागतो. दोन मॉडेलांत सहाच महिन्यांचे अंतर, वचन दोघांचे सारखे, आणि फरक काय तर मागच्या बाजूचा रंग आणि नावापुढचा आकडा, तेव्हा खुशाल जुने घ्यावे. कधी असे होते की, त्याच पैशात एक नवा पण हलका फोन मिळतो, ज्याला दोनच वर्षांचे वचन आहे. आणि शेजारी गेल्या सालचा वरच्या वर्गातला फोन उतरत्या भावात असतो, ज्याची अजून चार वर्षे शिल्लक आहेत. तिथे गेल्या सालचा घेणारी शहाणी. आणि गावी राहणाऱ्या आजीला नातवंडांचे तोंड पाहावयापुरताच फोन हवा असेल, त्यात बँकेचे खाते नसेल, तर स्वस्तातला स्वस्त घेतला तरी काही बिघडत नाही.

तेव्हा दुकानात गेल्यावर काय विचारावे, ते मी चार मुद्द्यांत सांगते.

पहिला प्रश्न : हे मॉडेल प्रथम बाजारात कधी आले? येथे एक चकवा आहे. डब्यावर उत्पादनाचा महिना व वर्ष छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि विक्रेता तोच दाखवून म्हणतो, ‘पाहा, गेल्या महिन्यातला ताजा माल!’ पण तो त्या एका नगाचा महिना झाला. दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा नग गेल्या महिन्यातही तयार होऊ शकतो. मुदत नगावर नसते, मॉडेलवर असते. म्हणून मॉडेलचे पुरे नाव कागदावर लिहून घ्यावे आणि घरच्या मुलाला किंवा मुलीला कंपनीच्या माहितीत त्याची जन्मतारीख शोधावयास सांगावी.

दुसरा प्रश्न : नवी प्रणाली किती वेळा व सुरक्षा किती वर्षे? विक्रेत्याला सांगता आले नाही, तर कंपनीने तसे कोठे जाहीर केले आहे का ते पाहावे. जिथे काहीच जाहीर केलेले नाही, तिथे थोडेच आहे असे धरून चालावे.

तिसरा प्रश्न स्वतःला विचारावा : या फोनवर मी काय करणार? कॅमेऱ्याच्या आकड्यांना भुलू नये. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी शेजारशेजारचे चार ठिपके एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. चांगला फोटो भिंग, प्रकाश आणि आतली करामत यांवर ठरतो. ५-जी आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाले. पाच-सहा वर्षे वापरावयाचा फोन घ्यावयाचा तर तो ५-जी असलेला बरा. पण वर्ष-दोन वर्षांच्या कामचलाऊ फोनसाठी त्यापायी अधिक पैसे देऊ नयेत. साठवण मात्र सढळ घ्यावी. सकाळच्या शुभेच्छांची फुले आणि गणपतीच्या आरत्या यांनीच आपले फोन गळ्यापर्यंत भरतात, आणि भरलेल्या फोनला अपडेट घ्यावयासही जागा उरत नाही.

चौथा मुद्दा पैशाचा. डब्यावर छापलेली कमाल किंमत आणि ‘इतकी सूट’ ही पाटी यांची तुलना करू नये. त्या आठवड्यात तोच फोन तीन ठिकाणी काय भावाने मिळतो, ते पाहावे. पुष्कळ फोनांच्या डब्यात आता चार्जर नसतो, त्याचे पैसे आधीच धरावेत. बिल पक्के घ्यावे आणि त्यावर फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लिहून घ्यावा. फोनवर ‘स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश’ दाबले की तो क्रमांक पडद्यावर दिसतो. तो डब्याशी व बिलाशी ताडून पाहावा.

युरोपात याबाबत २० जून २०२५ पासून एक चांगला नियम लागू झाला आहे. तेथे विकल्या जाणाऱ्या फोनांच्या प्रणालीची अपडेट, त्या मॉडेलची विक्री कंपनीने थांबविल्यानंतरही किमान पाच वर्षे मिळाली पाहिजेत. ‘विक्री थांबविल्यानंतर’ हे शब्द लक्षात घ्या. शेवटचा नग घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही पुरी पाच वर्षे! गेल्या सालचा फोन घेणाऱ्याची अडचण नेमकी कोठे आहे, ते तो कायदा करणाऱ्यांनी ओळखले. ग्राहक म्हणून आपणही जागोजाग हाच प्रश्न विचारू लागलो, तर विक्रेत्यांना त्याचे उत्तर पाठ करावे लागेल. बायकांनी दुकानात एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला की काय होते, हे कापडवाल्यांना विचारून पाहा!

आता शेवटची गोष्ट. आणि खरे सांगावयाचे तर तिच्यासाठीच मी आज उभी राहिले.

आपल्या घरांतून फोन कसा फिरतो, पाहा. नवा फोन येतो तो मुलाला किंवा यजमानांना. त्यांचा जुना सुनेला किंवा मुलीला. तिचा जुना आईला, आणि आईचा जुना आजीला. शिळी पोळी जशी शेवटी जेवणारीच्या ताटात यावयाची, तसा मुदत संपलेला फोन सर्वांत शेवटी आपल्या हातात येतो. आपण म्हणतो, ‘मला काय करावयाचा आहे चांगला? मला पुरतो हा.’ पूर्वी तो पुरतही असे, कारण फोनवर आपण फक्त बोलत होतो. २०१६ साली यूपीआय आले, आणि हळूहळू भाजीवाल्यापासून भिशीपर्यंत सगळा पैसा फोनात आला. निवृत्तिवेतनाचा निरोप त्यात, गॅसची नोंदणी त्यात, डॉक्टरांचा कागद त्यात. म्हणजे घरातला सर्वांत मोडका दरवाजा ज्या खोलीला, त्याच खोलीत आपण दागिन्यांची पेटी ठेवली आहे.

मी त्या रात्री खिडकीपाशी उभी होते, तेव्हा आमच्या घरात दुसराही एक फोन होता, नवा. तो चिरंजिवांबरोबर परगावी होता. त्यात त्याचा काही दोष नव्हता. ‘मला हा पुरे’ असे मीच म्हटले होते. काटकसर हा आपला गुण आहे, तो आपण सोडू नये. पण काटकसर नेहमी स्वतःच्याच हातातल्या वस्तूवर का करावयाची, याचा थोडा विचार करावा. फुकट मिळालेल्या फोनलाही मुदत असते. मुलाने जुना फोन पुढे केला तर तो प्रेमाने घ्यावा, आणि तेवढ्याच प्रेमाने विचारावे, ‘याची किती वर्षे शिल्लक आहेत रे?’

आज घरी गेल्यावर प्रत्येकीने एक काम करावे. फोनच्या सेटिंगमध्ये सर्वांत खाली ‘फोनविषयी’ असे काहीतरी असते. त्यात किंवा त्याच्या आसपास अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती तारीख चारसहा महिन्यांतली असेल, तर निश्चिंत झोपावे. वर्षाहून जुनी असेल, तर आधी अपडेट येऊन थांबले आहे का ते पाहावे. थांबलेले असेल तर ते घ्यावे. काहीच येत नसेल, तर त्या फोनमधून बँकेचे काम काढून घ्यावे आणि नव्या फोनसाठी भिशीचा नंबर लावावा. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, नव्यातला नवा फोनही आपल्या भोळेपणाला आवर घालू शकत नाही. पैसे घेण्यासाठी कधीही पिन घालावा लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे जाणार आहेत. आणि चुकून फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

मंडळाचा फोन आज ऑफिसच्या कपाटात आहे. त्याच्या पाठीवर आमच्या त्या तरुण भगिनीने एक छोटी चिठ्ठी चिकटवली आहे : ‘मुदत ऑक्टोबर २०३०.’ तेव्हा बहुधा मी खजिनदार नसेन. जी असेल तिने ती चिठ्ठी वाचावी, वेळेवर नवा फोन घ्यावा, आणि घेताना ‘एवढा महाग कशाला?’ असे विचारणारी एक तरी बाई कार्यकारिणीत असू द्यावी. तो प्रश्न चांगलाच आहे. त्याचे उत्तर मात्र डब्यावरच्या किमतीत न शोधता वर्षांच्या भागाकारात शोधावे.